‘नाही’ म्हणण्याची किंमत



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय निवडण्याचे काम माझ्यावरच सोपवले, तेव्हा हा कामगार संघटनेचा माणूस बोनस आणि ग्रॅच्युइटीवर बोलेल अशी त्यांची समजूत असावी. अमेरिकेतील अल्पसंख्य समाजांतले, विशेषतः कृष्णवर्णीय समाजातले, तरुण ग्राफिक डिझायनर आणि त्यांची व्यवसायनीती, असा विषय मी कळवला तेव्हा त्यांनी फोन करून तो दोनदा विचारून घेतला. तुम्हांलाही प्रश्न पडला असेल. नववीनंतर शाळा सुटलेल्या, पुढचे सगळे शिक्षण छापखान्यात आणि मोफत वाचनालयात झालेल्या माणसाचा अमेरिकेतल्या चित्रकारांशी संबंध काय? तो आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मुंब्र्याची एक मुलगी आमच्या युनियनच्या कचेरीत आली. शिक्षण उपयोजित कलेचे, काम जाहिरातींची आणि वेष्टनांची आखणी करण्याचे, धर्माने मुसलमान, बोलणे कोकणी वळणाचे मराठी. एका कंपनीने तिच्याकडून तीन नमुने फुकट करून घेतले होते आणि चौथ्याला पैसे देऊ असे सांगितले होते. तिची तक्रार मी लिहून घेतली, तरी ती उठेना. म्हणाली, “काका, एक विचारू? ही माणसं मला ईदच्या जाहिरातीपुरतीच बोलावतात. चित्रातली बाई बुरख्यातच हवी, मागे पोरांचा घोळका हवा, असं सांगतात. आमच्या घरी असं काही नाही. पण मी नाही म्हटलं तर दुसरं कुणीतरी करतं, आणि पुढचं काम मला मिळत नाही. मी काय करावं?”

मला तिला उत्तर देता आले नाही. कारण हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी माझ्यापुढे आला होता आणि मी त्याचे उत्तर चुकीचे दिले होते.

१९९३ सालच्या जानेवारीत मी गिरगावातल्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवीत होतो. वय बावीस-तेवीस. वडील १९८२ च्या संपात गिरणीबाहेर आले ते पुन्हा आत गेले नाहीत, म्हणून घर माझ्या पगारावर चाललेले. शहर पेटले होते. एका संध्याकाळी मालकाने हाताने लिहिलेला मजकूर आणून दिला. अमुक समाजाच्या दुकानातून काही घेऊ नका, त्यांना कामावर ठेवू नका, आणि पुढे याहून वाईट. खाली मुद्रकाचे नाव घालू नका म्हणून बजावले. त्या वेळी लागू असलेल्या १८६७ च्या कायद्याप्रमाणे छापील कागदावर मुद्रकाचे नाव व ठिकाण घालणे बंधनकारक होते, हे आम्हां सर्वांना पाठ होते. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या कंपोझिटरांनी तो कागद वाचला, हातातली स्टिक केसवर ठेवली, चपला घातल्या आणि ते घरी गेले. मजकूर मी जुळवला. मला दुप्पट मजुरी मिळाली. त्या गृहस्थांना दुसऱ्या दिवशी कामावर घेतले नाही, आणि आम्हां सहा जणांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. खिळ्यांवर अक्षर उलटे असते. तो उलटा मजकूर मला अजून वाचता येतो.

पुढे मी युनियनच्या कामात पडलो, त्याला हे एक कारण आहे. आणि ती मुलगी येऊन गेल्यावर, असा प्रश्न इतरांनी कसा सोडवला हे शोधू लागलो. शोधता शोधता अमेरिकेत पोहोचलो. तसे ते अंतर आपल्याला फार नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हा त्यांच्या घरात डोकावण्याचा आपल्याला थोडा हक्क आहे.

धंदा आणि त्याची नीती

ग्राफिक डिझायनर म्हणजे आमच्या वेळचा कमर्शियल आर्टिस्ट. पुस्तकाचे मुखपृष्ठ, औषधाची चिठ्ठी, बिस्किटाचे वेष्टन, निवडणुकीचे पोस्टर, बँकेचे बोधचिन्ह, मोबाइलच्या पडद्यावरची बटणे, ही सगळी कुणीतरी आखलेली असतात. आपण जे वाचतो ते आधी या माणसाच्या हाताखालून आलेले असते. आणि तरीही त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

या लोकांची अमेरिकेतील सर्वांत जुनी मोठी संस्था १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ ग्राफिक आर्ट्स’ असे तिचे मूळ नाव. तिने व्यवसायाच्या आचाराचे नियम लिहून काढले आहेत. ढोबळ मानाने ते असे: गिऱ्हाइकाशी प्रामाणिक राहावे, त्याची गुपिते फोडू नयेत, दुसऱ्या डिझायनरचे काम चोरू नये, केलेल्या कामाचा योग्य मोबदला आणि योग्य श्रेय घ्यावे व द्यावे, आणि लोकांची फसवणूक होईल, समाजाला अपाय होईल असे काम करू नये. यांत न पटण्यासारखे काही नाही.

पण एक फरक ध्यानात घ्या. डॉक्टरने किंवा वकिलाने नीती सोडली तर त्याची सनद जाऊ शकते. डिझायनरला सनदच लागत नाही. आज कुणीही पाटी लावावी आणि उद्यापासून धंदा करावा. म्हणून त्याच्या नीतीच्या नियमांना मागे पोलीस नाही, पंचायत नाही. नियम पाळला तर कुणी पाठ थोपटीत नाही. मोडला तर कुणी विचारीत नाही. सगळा भार ज्याच्या त्याच्या मनावर.

मिल्टन ग्लेझर नावाचे न्यूयॉर्कचे थोर डिझायनर होते; ते २०२० साली वारले. त्यांनी बारा पायऱ्यांची एक प्रश्नावली केली होती आणि तिला नाव दिले होते ‘नरकाची वाट’. पहिली पायरी अगदी साधी: दुकानाच्या फळीवर पुडके असेल त्याहून मोठे दिसेल असे वेष्टन तुम्ही आखाल काय? मग एकेक पायरी उतरत जाते, आणि शेवटची अशी की, जी वस्तू वारंवार वापरल्याने माणूस मरू शकतो तिची जाहिरात तुम्ही कराल काय? या प्रश्नावलीत शिकण्यासारखे हे की, शेवटच्या पायरीवर कुणी एकदम उडी मारीत नाही. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना बारावी दिसत नसते.

दारातच अडलेले

आता हीच वाट एखाद्या कृष्णवर्णीय तरुणाने कशी चालायची ते पाहू. त्याची पहिली अडचण वाटेवर पाय ठेवायला मिळण्याचीच आहे.

जॉर्ज ओल्डन यांचे उदाहरण घ्या. १९२० साली अलाबामा राज्यात जन्म. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. महायुद्धानंतर १९४५ साली ते सीबीएस या प्रक्षेपण कंपनीत लागले. दूरचित्रवाणी तेव्हा बाल्यावस्थेत होती. पंधरा वर्षे त्यांनी त्या कंपनीचे चित्रकाम सांभाळले. पुढे जाहिरातीच्या धंद्यात ते उपाध्यक्षपदापर्यंत चढले. गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याला १९६३ साली शंभर वर्षे झाली, तेव्हा अमेरिकन सरकारने काढलेल्या टपाल तिकिटावरची तुटलेली साखळी त्यांनीच काढली. अमेरिकेचे टपाल तिकीट आखणारे ते पहिले कृष्णवर्णीय. एवढ्या मानाच्या माणसाची १९७० साली नोकरी गेली. वर्णामुळे आपली वाट अडवली गेली अशी तक्रार घेऊन ते भांडत राहिले आणि १९७५ साली, पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास, वारले. वर सांगितलेल्या संस्थेने त्यांना आपले पदक दिले ते २००७ साली, म्हणजे मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी.

ओल्डन वरपर्यंत गेले. बहुतेकांना तेवढेही जमले नाही. ‘प्रिंट’ या त्यांच्या धंद्याच्या मासिकात १९६८ साली डोरोथी जॅक्सन यांनी कृष्णवर्णीय डिझायनरांना बोलते करून एक लेख लिहिला. १९८५ साली शेरिल मिलर या तरुण बाईंनी न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला, आणि १९८७ साली त्याच ‘प्रिंट’ मासिकात, कृष्णवर्णीय डिझायनर रणांगणातून बेपत्ता कसे, अशा अर्थाचा लेख छापला. दोन लेखांत एकोणीस वर्षांचे अंतर आहे, प्रश्न तोच आहे. काम शिकायला महागडी शाळा लागते. काम मिळायला ओळख लागते. ओळख व्हायला ज्या मंडळींत ऊठबस लागते तिथे यांना शिरकाव नाही. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नसावी.

नीतीशी याचा संबंध असा की, ज्याच्या हातात दहा कामे आहेत त्याला अकरावे काम नाकारता येते. ज्याच्या हातात एकच आहे त्याने ते नाकारले तर त्या दिवसापुरता त्याचा धंदा बंद होतो. नियम दोघांना एकच, पण तो पाळायला पडणारा खर्च दोघांना सारखा नाही. नीतीच्या पुस्तकांतून हा हिशेब सहसा मांडलेला नसतो.

आकड्यांचा खरेपणा

तरीसुद्धा नीती पाळलेली माणसे होतीच. सर्वांत जुने आणि मला सर्वांत आवडलेले उदाहरण १९०० सालचे आहे. त्या वर्षी पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तिथे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीचे एक दालन होते. त्यासाठी डु बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातल्या आपल्या आजी-माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून साठेक रंगीत तक्ते तयार केले. जमीन किती कुटुंबांकडे आहे, लिहितावाचता किती जणांना येते, शहरात किती व खेड्यात किती, हे सगळे हाताने आखलेल्या पट्ट्या, वर्तुळे आणि वेटोळ्यांतून दाखवलेले. आज ते तक्ते पाहून कलेचे विद्यार्थी थक्क होतात, इतके ते नवे दिसतात.

मला भावले ते वेगळेच. मुक्ती होऊन तेव्हा पस्तीस-सदतीस वर्षे झाली होती. सारे युरोप पाहणार होते. आपल्या समाजाचा मोठेपणा फुगवून सांगण्याचा मोह किती असेल! उलट, आमची दैना पाहा असे म्हणून डोळ्यांत पाणी आणण्याचाही मोह झाला असता. या मुलांनी दोन्ही केले नाही. जमिनीची मालकी वाढली तिथे वाढलेली दाखवली. किती थोड्यांकडे संपत्ती आहे तेही दाखवले. पट्टीची लांबी आकड्याप्रमाणे ठेवली. आपल्याच लोकांची बाजू मांडतानासुद्धा माप खोटे करायचे नाही, ही डिझायनरची पहिली नीती त्या साठ तक्त्यांत आहे. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नसते, त्याला खरे बोलण्याखेरीज दुसरे भांडवल नसते हेही त्यांना कळले असावे.

आपल्याच माणसांचे चित्र

दुसरी नीती त्या मुंब्र्याच्या मुलीने विचारलेली. आपल्याच माणसांचे खोटे चित्र काढून मागितले तर?

अमेरिकेत धिरड्याच्या तयार पिठाचा एक प्रसिद्ध शिक्का होता, ‘आंट जेमायमा’. डोक्याला फडके बांधलेली, गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात हसतमुखाने राबणारी कृष्णवर्णीय बाई. हे नाव १८८९ साली एका नकलांच्या खेळातल्या गाण्यावरून उचललेले होते. ते पाकिटावर राहिले किती? एकशे तीस वर्षांहून अधिक. मधल्या काळात फडके उतरले, कानात मोती आले, चेहरा तरुण झाला. पण नाव तेच. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर देशभर चळवळ उसळली तेव्हा, २०२० च्या जूनमध्ये, कंपनीने ते काढून टाकण्याचे जाहीर केले आणि २०२१ मध्ये पिठाला दुसरे नाव मिळाले. एवढ्या वर्षांत त्या बाईचा चेहरा किती जणांनी पुनःपुन्हा आखला असेल! त्यांतला प्रत्येक जण दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाने आधीच्या पाकिटापेक्षा थोडे बरे केले, आणि तेवढ्यावर समाधान मानले.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १९९० साली एका मोठ्या तंबाखू कंपनीने ‘अपटाउन’ नावाची पुदिन्याच्या चवीची सिगारेट फिलाडेल्फिया शहरात आणायचे ठरवले. गिऱ्हाईक ठरलेले होते: कृष्णवर्णीय. नाव त्यांच्यासाठी बेतलेले, पाकीट काळे-सोनेरी, ऐट करण्याजोगे. इतकेच नव्हे, अनेक कृष्णवर्णीय लोक पाकीट खालच्या बाजूने फोडतात असे पाहणीत दिसले म्हणून आतल्या सिगारेटीसुद्धा उलट्या भरायच्या होत्या. एवढ्या बारकाईने अभ्यास केला तो माणसे बरी करण्यासाठी नव्हे. फिलाडेल्फियातल्या चर्चनी, डॉक्टरांनी, वस्तीतल्या मंडळांनी एकजूट केली. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. लुई सलिव्हन, जे स्वतः कृष्णवर्णीय होते, त्यांनी जाहीरपणे कंपनीचा धिक्कार केला. जानेवारी संपण्यापूर्वी कंपनीने ती सिगारेट मागे घेतली.

आता डिझायनरच्या जागी उभे राहून पाहा. ‘तू त्यांच्यातला आहेस, तुला त्यांची आवड कळते,’ असे म्हणून अशी कामे नेमकी कुणाकडे येणार? इतर दिवशी ज्याला दार उघडत नाही, त्याला त्या दिवशी गाडी पाठवली जाते. त्याच्या हाताचे कसब त्यांना हवे असतेच, पण त्याहून जास्त हवी असते त्याची साक्ष: पाहा, आमचे चित्र त्यांच्याच माणसाने काढले आहे. म्हणून मी त्या तरुणांना एक कसोटी सुचवीन. काम आले की विचारावे, माझे कौशल्य विकत घेताहेत की माझे आडनाव? कौशल्य मागत असतील तर दर ठरवा आणि काम करा. आडनाव मागत असतील तर कागद नीट वाचा, कारण उद्या त्या चित्राचा जाब तुमच्या वस्तीत तुम्हांलाच द्यावा लागेल.

आणि एक विसरू नये. अपटाउन कुणा एका डिझायनरने नाही म्हटल्यामुळे थांबली नाही. ती एका शहराने मिळून नाही म्हटले म्हणून थांबली.

कमी दराचा आरोप

तिसरी नीती मजुरीची. आधी काम करून दाखवा, पसंत पडले तर पैसे, ही रीत अमेरिकेतही जोरात आहे. नावाजलेल्या संस्था तिचा निषेध करतात. फुकट काम करू नका, दर पाडू नका, त्याने साऱ्या धंद्याचे नुकसान होते, असे नवशिक्यांना सांगतात. माझ्यासारख्याला हे लगेच पटते. पण मग मला एका खिळे जुळवणाऱ्याची गोष्ट वाचायला मिळाली, आणि मी जरा थांबलो.

फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून निसटून पुढारी झालेले थोर पुरुष. त्यांचा मुलगा लुइस डग्लस कंपोझिटर होता. यादवी युद्धात तो सरकारच्या बाजूने लढला होता. १८६९ साली वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यात त्याला काम मिळाले. तिथल्या कंपोझिटरांच्या युनियनने त्याला सभासद करून घेण्याचे टाळले. कारण काय दिले? हा पूर्वी डेन्व्हरला असताना युनियनच्या दरापेक्षा कमी दराने काम करीत होता. यावर बापाने जे उत्तर दिले त्याचा आशय असा: ज्या लोकांनी माझ्या मुलाला पुऱ्या दराचे काम मिळू दिले नाही, तेच आज त्याने कमी दराने काम केले म्हणून त्याला दोषी ठरवताहेत.

हा माझ्या धंद्यातल्या, माझ्यासारख्याच युनियनवाल्यांचा अपराध आहे. तो त्या देशापुरता आहे असेही मानू नका. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त. धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून त्या खात्यात अस्पृश्यांना येऊ देत नसत. हे करणारे मालक नव्हते, शेजारी राबणारे कामगार होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला: या कामगारांना जर चांगल्या पगाराचे खाते बंद, तर संपात तुमच्याबरोबर उपाशी राहायचे त्यांनी कशासाठी? त्या प्रश्नाला चळवळीने वेळेवर पुरे उत्तर दिले असते, तर गिरणगावाचा इतिहास निराळा झाला असता असे मला वाटते.

म्हणून तरुण अल्पसंख्य डिझायनर कमी दरात काम करतो अशी तक्रार माझ्याकडे कुणी आणली, तर मी आधी विचारतो, पुऱ्या दराचे काम त्याला तुम्ही कधी दाखवले होते काय? दर पाळा असे सांगण्याचा हक्क दार उघडणाऱ्याला आहे. दार लावून घेऊन आतून नीती सांगणे बरे नव्हे.

चळवळीचा चित्रकार

काहींना वाटेल, असल्या गिऱ्हाइकांपेक्षा आपल्या चळवळीचेच काम करावे. तशी माणसेही झाली. एमोरी डग्लस यांचा जन्म १९४३ चा. वरच्या डग्लसांशी त्यांचे नाते नाही, आडनाव तेवढे एक. पोरवयात सुधारगृहात असताना तिथल्या छापखान्यात त्यांच्या हाताला शाई लागली. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात ते व्यावसायिक चित्रकला शिकले आणि १९६७ साली ब्लॅक पँथर पक्षात गेले. पक्षाच्या साप्ताहिकाची मांडणी आणि चित्रे त्यांची. पैसा थोडा, म्हणून काळ्याबरोबर बहुधा एकच रंग; जाड रेषा, म्हणजे छपाई खराब झाली तरी चित्र मरत नसे. भाड्याच्या खोलीतली आई, उंदीर, रेशनची पिशवी, अशी ती चित्रे. आरशात पाहावे तसे लोक त्यांत स्वतःला पाहत. २०१५ साली त्यांनाही त्या जुन्या संस्थेचे पदक मिळाले.

त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु चळवळीचे काम केले की नीतीचा प्रश्न आपोआप मिटतो असे मात्र नाही. आमच्या युनियनची पोस्टरे मी तीस वर्षे पाहतो आहे. मोर्चाला पाचशे माणसे असली तर पोस्टरवर पाच हजार दाखवायची आम्हांला खोड. आणि चित्रकाराला पैसे द्यायची वेळ आली की, ‘अरे, हे आपलंच काम आहे,’ असे म्हणून आम्ही त्याला चहा पाजतो. मालकाने केले तर ती पिळवणूक, आणि आम्ही केले तर ती निष्ठा! हे चालणार नाही. चळवळीनेही माप खरे ठेवावे आणि मजुरी वेळेवर द्यावी.

मग करायचे काय?

१९६७ साली डेट्रॉइटमध्ये मोटारींच्या जाहिरातींची चित्रे काढणाऱ्यांनी एकत्र येऊन ‘ग्राफिक आर्टिस्ट्स गिल्ड’ ही संघटना काढली. १९७३ पासून ती एक मार्गदर्शक पुस्तक काढते. त्याचे नाव मला फार आवडले: दर आणि नीती यांचे मार्गदर्शन. दोन्ही एकाच पुठ्ठ्यात! कोणत्या कामाला साधारण किती पैसे पडतात, करार कसा लिहावा, हक्क कुणाकडे राहतात, आणि काय करू नये, हे एकत्र. हे पुस्तक करणाऱ्यांनी ओळखले होते की पोट आणि मन एकाच माणसाचे असते.

अर्थात या गिल्डचे हात बांधलेले आहेत. स्वतंत्रपणे काम करणारा डिझायनर कायद्याच्या लेखी मजूर नसून लहानसा व्यापारी ठरतो. अशांनी जमून एक दर बांधला तर तिथला मक्तेदारीविरोधी कायदा आड येतो. म्हणून ती चालू दर छापू शकते, पण तो सक्तीने पाळायला लावू शकत नाही. इथे कायद्याने थोडी मदत केली आहे. न्यूयॉर्क शहरात मे २०१७ पासून असा कायदा आहे की, ८०० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचे काम असेल तर लेखी करार झालाच पाहिजे, आणि दुसरी तारीख ठरली नसेल तर काम झाल्यावर ३० दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत. २०२४ च्या ऑगस्टपासून तसा कायदा सगळ्या न्यूयॉर्क राज्याला लागू झाला. असे कायदे स्वतंत्र काम करणाऱ्यांनी एकत्र येऊन, खेटे घालून मिळवलेले असतात.

आणि लेखी कराराचा नीतीशी थेट संबंध आहे. ज्याचे मागचे पैसे अडकलेले असतात, त्याला पुढचे वाईट काम नाकारता येत नाही. त्याचा नकार गिऱ्हाइकाच्या खिशात गहाण पडलेला असतो.

तात्पर्य एवढेच. तरुणांना नीती शिकवावी, जरूर शिकवावी. माप खोटे करू नको, दुसऱ्याचे चोरू नको, आपल्या माणसांची विटंबना करू नको, हे सांगावे. पण ज्या समाजाच्या तरुणाला आधीच कामे थोडी, त्याच्या एकट्याच्या गळ्यात ही सारी नीती बांधून आपण मोकळे झालो तर ते ढोंग होईल. त्याने ‘नाही’ म्हटल्यावर त्याचा महिना कोण काढणार, हा प्रश्न नीतीच्या धड्यातच असला पाहिजे. गिरगावात त्या संध्याकाळी जे घरी गेले, त्यांच्यापाशी नीती होती. त्यांच्यामागे आम्ही नव्हतो. आम्ही सहा जण दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिलो असतो, तर मालकाला सहाही स्टिका रिकाम्या ठेवणे परवडले नसते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तिच्या तीन नमुन्यांचे पैसे आम्ही पत्रावर पत्रे घालून मिळवले. पुरते नाहीत, निम्मे. मग तिने आणि तिच्यासारख्या अकरा जणांनी एक वही घातली आहे. कोणत्या कामाला किती दर मागायचा, कोणते गिऱ्हाईक पैसे बुडवते, आणि कोणते काम बारापैकी कुणीच करायचे नाही, हे त्या वहीत लिहितात. दर महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये एका डब्यात टाकतात. कुणी काम नाकारले तर त्या डब्यातून त्याचे वीजबिल भरले जाते. मागच्या ईदला तिने बुरख्याची ती जाहिरात नाकारली, आणि बाकीच्या अकरांनीही नाकारली. ते काम शेवटी बाहेरच्या कुणीतरी केलेच. पण तिचे बिल त्या डब्यातून भरले गेले.

बारा माणसे फार नाहीत, हे मला कळते. मात्र आमच्या छापखान्यात १९९३ साली एकच होते.